अंगाचा राखणदार

छकुले,

काल रात्री तू फोटो पाठवलास आणि पाठोपाठ फोन केलास. पापण्या सुजून जड झालेल्या, मानेच्या वळ्यांत काळपट लाल चट्टा, कोपराच्या लवणीत तसाच. आणि तू विचारलंस, "ताई, माझी प्रतिकारशक्ती गेली का गं? शेजारच्या काकू म्हणतात, काढा सुरू कर." मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, पित्त उठलंय, आमसूल चोळा म्हणावं. शेवटी अगदी हळू आवाजात तू सांगितलंस की मेडिकलवरून आणलेली ट्यूब महिनाभर लावतेयस. लावली की बरं वाटतं, सोडली की दुपटीनं येतं.

मला रात्री झोप लागली नाही. तो फोटो मी ओळखला. असाच चेहरा मी आपल्या घरात सात वर्षं पाहिलाय, आपल्या अण्णांचा. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला फक्त अण्णांची चिडचिड आठवत असेल. फोनवर सगळं सांगणं होत नाही. तुझ्या मागं स्वयंपाक असतो, माझ्या मागं उद्याच्या तासाची तयारी. म्हणून लिहून पाठवते. पोरं झोपली की निवांत वाच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे जिवाला घोर लागणार नाही: तू कमजोर झालेली नाहीस. तुझ्या अंगाचा राखणदार चांगला जागा आहे, ताकदवान आहे. त्यानं फक्त भलत्याच माणसाला चोर ठरवलंय.

अण्णांपासून सांगते. अण्णा पाटकरी होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. रोज मैलोन्‌मैल भरावावरून चालणं, आणि त्या भरावावर गाजर गवत कमरेएवढं. चारीच्या दारापाशी जायला वाट नसली की हातानं उपटून वाट करायचे. वीस वर्षं उपटलं, कधी साधी खाजसुद्धा आली नाही. मग एका पावसाळ्यात पापण्या सुजल्या. उन्हाळ्यात निवलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आलं, या वेळी मान आणि कानामागची जागा घेऊन. तीन-चार वर्षांत ते बारमाही झालं. कपाळाची कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या, आरशात बघणं त्यांनी सोडलं.

काय काय केलं नाही आपण? कुणी नागीण म्हणालं, कुणी दृष्ट, कुणी रक्त बिघडलं म्हणालं. वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, तुरीची डाळ बंद केली. मराठवाड्यातला माणूस तुरीच्या वरणाशिवाय दोन वर्षं जेवला, आणि चट्टे होते तिथंच. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, शेवंतीचा भलामोठा हार गळ्यात पडला, आणि तिसऱ्या दिवशी मान इतकी सुजली की सदऱ्याचं वरचं बटण लागेना. आम्ही म्हणालो, जागरण झालं, तेलकट खाल्लं. खूण समोर होती, आम्हाला वाचता आली नाही.

पुढं संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा निराळा प्रश्न विचारला. काय खाता हे न विचारता त्यांनी विचारलं, "काका, काम काय करायचात? कुठून चालायचात?" मग पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या, प्रत्येकीत एकेका वस्तूचा अंश. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. दोन दिवसांनी चकत्या काढल्या, पुन्हा दोन दिवसांनी पाठ बघितली. बाकी सगळी पाठ स्वच्छ, फक्त एका चकतीच्या जागी लाल, खाजरी, बारीक फोडांची गोल खूण. ती चकती गाजर गवताची होती. आणि शेवंती त्याच कुळातली निघाली. हाराचं कोडं त्या दिवशी उलगडलं.

आता तुझ्याकडे येते. तुझं शेत कालव्याला लागून, बांधावर तेच गवत. गेला महिनाभर तू बायांबरोबर कपाशीत खुरपायला बसतेस, वाकलेलं तोंड गवताच्या शेंड्याशी, घामानं मान ओली, आणि पदरानं तोंड पुसतेस. चट्टे कुठं आले बघ. पापण्या, मान, कोपराची लवण. उघड्या अंगावर, आणि जिथं घाम आणि धूळ साचते तिथं. म्हणून मला संशय गाजर गवताचा आहे. पक्कं मात्र डॉक्टरच सांगतील. मी बहीण आहे, वैद्य नाही.

आपल्या पणजीला हे गवत ठाऊकच नव्हतं. ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५६ साली आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यात सापडलेल्या या झाडाची नोंद प्रसिद्ध केली, भारताला नवीन असलेली वनस्पती म्हणून. बाहेरून आयात झालेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, पुण्याच्याच डॉ. लोणकरांनी सहकाऱ्याबरोबर या गवतानं झालेल्या त्वचेच्या दाहाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्याच सुमाराला आपल्या पैठणला जायकवाडी धरण बांधलं जात होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. कालवे निघाले, भराव पडले, रस्ते झाले. उकरलेली, मोकळी जमीन मिळाली की हे गवत सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. एकेका झाडाला हजारो बिया. पाण्यानं आपलं भलं केलं यात वादच नाही; गवत त्याच वाटेनं आलं, इतकंच.

तर हे गवत अंगाचं नेमकं करतं काय? मी वर्गात मुलांना मोसंबीच्या बागेच्या राखणदाराचं उदाहरण देते. नवा राखणदार आला की पहिल्या दिवशी कुणाला अडवणार? त्याला चोर कोण, पाहुणा कोण, काहीच माहीत नसतं. एक दिवस चोरी होते. पळणाऱ्याच्या खांद्यावरची लाल शाल तेवढी त्याला दिसते. त्या दिवसापासून लाल शाल दिसली की काठी उगारायची, हे त्याच्या डोक्यात बसतं. खरा चोर परत आला तर याच आठवणीनं बाग वाचते. पण एखाद्या दिवशी लाल शाल पांघरून कुणी सोयरा आला, की चोर सोडून संन्याशाला सुळी. ॲलर्जी म्हणजे ही आठवण चुकणं.

अंगात हा राखणदार असा शिकतो. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं. त्याचे कण इतके बारीक, की एकटे आले तर राखणदाराला दिसायचेही नाहीत. पण गवताची लव, पराग, वाळलेला भुगा कातडीवर बसला आणि घामात भिजला, की ते द्रव्य आत उतरतं आणि आपल्याच कातडीच्या प्रथिनाला चिकटतं. घरची वीट, तिच्यावर परका शिक्का. कातडीत काही पेशी सतत टेहळणी करत असतात. पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला त्या १८६८ साली पहिल्यांदा दिसल्या, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. त्या हा शिक्का उचलतात आणि जवळच्या चौकीत नेतात. चौकी म्हणजे काय, तर पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती गाठ. तशा गाठी मानेत, काखेत सगळीकडे आहेत. तिथं टी पेशी नावाचे शिपाई असतात. त्यांना तो शिक्का दाखवला जातो आणि हा दिसला की तुटून पडा असं शिकवलं जातं. या शिकवणीला दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या काळात अंगावर काहीच दिसत नाही.

अण्णांचं वीस वर्षं काही बिघडलं नाही ते यामुळंच. कुणाच्या अंगात ही शिकवण पहिल्या वर्षी होते, कुणाच्या विसाव्या, कुणाच्या कधीच होत नाही. तू म्हणालीस ना, "लग्न झाल्यापासून खुरपतेय, आताच कसं झालं?" अगं, ॲलर्जी अनोळखी वस्तूची होत नसते. ओळख आधी व्हावी लागते. म्हणून "मला हे नेहमी चालतं" या भरवशावर कुणी राहू नये.

आणि एकदा शिकलेला शिपाई विसरत नाही. वर्षानुवर्षं अंगात फिरत राहतो. पुढच्या वेळी शिक्का दिसला की तो आणखी शिपायांना हाक मारतो, ते गोळा होतात, कातडी लाल होते, सुजते, पाझरते, खाजते. पण त्यांना गोळा व्हायला वेळ लागतो, एक ते तीन दिवस. क्षयाची मांटू चाचणी आठवते? सुई आज टोचतात आणि फुगवटा दोन-तीन दिवसांनी मोजतात. तेच शिपाई, तीच चाल. तेव्हा हिशेब कर. सोमवारी तू खुरपलंस, खाज बुधवारी आली. मधल्या मंगळवारी घरात वांग्याची भाजी झालेली असते. नाव वांग्याचं होतं आणि गवत बांधावर तसंच डोलत राहतं. यापुढं खाज उठली की आज काय खाल्लं हे आठवू नकोस. परवा कुठं होतीस, हाताला काय लागलं, ते आठव.

आता सासूबाईंचं पित्त. त्यांना खोटं पाडू नकोस, त्यांनी आयुष्यात पाहिलेलं पित्त खरंच असतं. मात्र ते निराळं. अंगावर गांधी उठतात, भराभर, काही मिनिटांत. तिथं राखणदाराचं दुसरं पथक काम करतं. कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात, हिस्टामिन नावाच्या द्रव्यानं ठासून भरलेल्या. पहिल्या भेटीत अंग एखाद्या वस्तूविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार करतं आणि ते या पेशींवर जाऊन बसतं, बंदुकीच्या चापावर बोट ठेवल्यासारखं. पुढच्या भेटीत ती वस्तू त्याला लागली की चाप ओढला जातो. हिस्टामिन बाहेर पडतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, गांध फुगते, नाकात असेल तर शिंका, छातीत असेल तर धाप. हे आयजीई काय आहे ते १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी वेगवेगळं शोधून काढलं, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

गांधीचा स्वभाव असा, की एकेक गांध चोवीस तासांच्या आत आपोआप विरते आणि दुसरीकडे नवी उठते. आमसूल चोळलं की गार वाटतं, आणि तोवर तिची जायची वेळ झालेलीच असते. तू एक कर. एखाद्या चट्ट्याभोवती पेनानं गोल काढ. उद्या त्याच वेळी बघ. चट्टा गोलातून गायब झाला असेल तर ते पित्त. तिथंच, तसाच, खपली धरून बसला असेल तर ते पित्त नव्हे. तुझे चट्टे महिनाभर एका जागी आहेत, मला त्यातच उत्तर दिसतं. सिट्रिझिनची गोळी पित्ताला उतार देते कारण ती हिस्टामिनला अडवते. गाजर गवताच्या चट्ट्यात मुख्य कारभारी हिस्टामिन नसतंच, म्हणून ती गोळी तिथं फारशी चालत नाही.

हे सगळं माणसाला कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करायला लागले. त्यांना वाटत होतं, कुत्र्याला थोडं थोडं विष दिलं की लसीसारखी त्याला सवय होईल. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेल्या नेपच्यून नावाच्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेवढाच दुसरा डोस दिला, आणि तो पंचवीस मिनिटांत मेला. पहिल्या भेटीनं त्याचं संरक्षण झालंच नाही, उलट घात झाला. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९०६ साली, क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं ॲलर्जी हा शब्द घडवला. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध मुलांना दुसऱ्यांदा टोचलं की अंग पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात उठतं, हे त्यानं पाहिलं होतं. त्याचं म्हणणं इतकंच होतं, की भेट झाली की अंग बदलतं, पुढच्या वेळी निराळं वागतं. कधी ते आपल्या भल्याचं, कधी नुकसानीचं. अण्णांची पाठ पाहिल्यावर मी हे वाचलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. सात वर्षं आपण त्यांच्या अंगाला नावं ठेवत होतो.

मग तू विचारशील, अंगानं हा धोकादायक चाप ठेवलाच कशाला? बहुतेक अभ्यासकांना वाटतं, तो जंतांसाठी असावा. जंत राखणदाराच्या कितीतरी पट मोठा, त्याला गिळता येत नाही. मग त्याला बाहेर फेकायचं: शिंकून, खोकून, खाजवून, जुलाबानं. हजारो वर्षं हे पथक कामाचं होतं. आता तेच परागावर, धुळीवर, कुणाच्या अंड्यावर, कुणाच्या शेंगदाण्यावर धावतं.

म्हणून काढ्याचं सांगते. काकूंनी प्रेमानं सांगितलं, मला कळतं. करोनापासून प्रतिकारशक्ती वाढवा, वाढवा असं आपण इतकं ऐकलंय, की कुठलाही आजार झाला की ती कमी पडली असंच वाटतं. पण तुझ्या आजारात राखणदार झोपलेला नाही. तो नको तिथं काठी चालवतोय. त्याला आणखी खुराक देऊन काय होणार? खरं औषध एकच, ती लाल शाल त्याच्या नजरेस पडू न देणं. बाकीची औषधं त्याचा राग शांत करायला.

तर आता करायचं काय, ते नीट ऐक.

पहिलं, ती ट्यूब. कव्हरावर नाव बघून मला कळव. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट नाही. डॉक्टर योग्य ताकदीचं, मोजक्या दिवसांसाठी देतात आणि त्यानंच हा दाह बसतो. पण मनानं महिनोन्‌महिने तोंडाला लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात आणि सोडलं की भडकतं. डोळ्यांजवळ तर फारच जपायचं. ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा, लपवू नकोस. रागावतील म्हणून लपवलीस तर त्यांना अर्धंच कळेल.

दुसरं, पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर चल. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे, तिथं दाखवू. चकत्यांच्या चाचणीबद्दल आपणच विचारू. आणि खर्चाचा, "एवढ्याशा चट्ट्यासाठी कशाला" याचा विचार करू नकोस. अण्णांचे चट्टेही आधी एवढेसेच होते.

तिसरं, तोवर खुरपणी बंद. जावईबापूंना मी सांगते, लाजू नकोस. बांधाकडे जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला आणि मानेला सुती रुमाल. आल्याबरोबर साबणानं हात, तोंड, मान धू. द्रव्य कातडीत मुरायच्या आत गेलं पाहिजे. शेतातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नकोस आणि धुतलेले कपडे बांधावरच्या झुडपावर वाळत घालू नकोस. वाळलेलं गाजर गवत जाळूही नका. धूर आणि भुगा वाऱ्यानं तोंडावरच येतो.

चौथं, गवताचा बंदोबस्त. फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपटून घ्यायचं, पण ज्याला त्रास नाही त्यानं, आणि त्यानंही हातमोजे घालूनच. बांधावर तरोट्याचं बी टाकायला सांग. तरोटा दाटला की गाजर गवताला जागा राहत नाही. शिवाय मेक्सिकोहून आणलेला एक छोटा भुंगा आहे, १९८४ साली बंगळुरूला तो पहिल्यांदा सोडला. तो गाजर गवताचीच पानं खातो. संभाजीनगरला पैठण रोडवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं त्याची चौकशी करता येईल.

पाचवं, याच जातीच्या आणखी काही गोष्टी, त्या तुला आणि तुझ्या पोरींना उपयोगी पडतील. खोट्या दागिन्यांतल्या निकेलनं कानाच्या पाळ्या पाझरतात, त्यालाही हेच टी पेशींचं पथक जबाबदार. जत्रेत काढतात ती पटकन रंगणारी काळी मेंदी पोरींच्या हातावर अजिबात काढू देऊ नकोस. तिच्यात केस रंगवायच्या डायमधलं द्रव्य असतं. एकदा अंग ते शिकलं, की पुढं मोठेपणी डाय लावल्यावर तोंड सुजून डोळे मिटतात. आणि बिब्बा. आपल्याकडे बिब्बा उतला की अंग फुटतं हे आजीलाही ठाऊक होतं. काही भाग त्याच्या तेलानं थेट भाजण्याचा, काही भाग याच उशिरा उठणाऱ्या रागाचा. कच्च्या आंब्याचा चीक आणि काजूचं टरफल त्याच कुळातलं. तान्ह्या बाळाला बिब्ब्याचे ठिपके द्यायची चाल कुणी सांगितली तर ठामपणे नाही म्हण.

आता जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती सांगते, आणि ही घरात सगळ्यांना वाचून दाखव. तुझे चट्टे त्रासाचे आहेत, पण त्यांनी जीव जात नाही. ते दुसरं, मिनिटांतलं पथक मात्र जीव घेऊ शकतं. तुमच्या शिवारात मोसंबी फुलली की माश्या असतातच. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, नवं औषध घेतल्यावर किंवा काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. माणसाला आडवं झोपवून पाय वर ठेवायचे. धाप असेल तर टेकून बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. दवाखान्यात पहिलं औषध ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीत. गोळीची वाट बघण्याइतका वेळ तिथं नसतो. आणि कुणाला कुठल्या औषधाचा त्रास झाला असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवायचं. "कसलीतरी लाल गोळी होती" एवढ्यानं डॉक्टरांना काही कळत नाही.

छकुले, एक आतली गोष्ट. काल तू म्हणालीस, "बाहेर पडायची लाज वाटते, लोक विचारतात काय झालं." अण्णाही असंच म्हणायचे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुझ्या पोरींना जवळ घे, त्यांच्या गालाला गाल लाव, काही होणार नाही. तुझं पाप नाही, कुणाची दृष्ट नाही, तुझ्या हातून स्वच्छतेत काही राहिलं असंही नाही. ज्या शेतात तू घाम गाळलास त्याच शेताची ही खूण आहे. पाटकरी माणसाला कालव्यानं दिलं, तुला बांधानं दिलं.

अण्णांचं सांगू? चाचणीनंतर त्यांनी कालव्याकडे जाणं सोडलं, डॉक्टरीणबाईंची औषधं धरून घेतली, तपासण्या चुकवल्या नाहीत. चेहरा वर्षभरात निवळला. आजही पावसाळ्यात एखादा चट्टा येतो, कारण अंग विसरत नाही. पण आता त्यांना माहीत आहे तो कुठून आला, म्हणून ते घाबरत नाहीत. आत्ता ओसरीवर बसलेत आणि मी काय लिहितेय ते तिसऱ्यांदा विचारतायत. मी सांगितलं, तर म्हणाले, "तिला म्हणावं, तुरीचं वरण सोडू नको."

महालक्ष्म्यांना ये. सोमवारी तुला घाटीत नेऊन आणते, मग सणाला निवांत राहा. दरवर्षी मुखवट्यांमागं शेवंतीची आरास तू करतेस आणि ती तुझ्यासारखी कुणाला जमत नाही, हे मला ठाऊक आहे. या वर्षी मात्र शेवंती आणि झेंडू मी लावीन. तू पाटापाशी बस, आघाडा आणि दूर्वा निवड, आणि कुठं काय लावायचं ते मला सांग.

तुझी ताई